पिल्सनर निवळतच नाहीये, बेंटोनाइट टाकून बघितलंय का कोणी?

गढूळ_पिल्सनर, अंधेरी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय इथे, आज पहिल्यांदा लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. अंधेरीत एका छोट्या ब्रूपबमध्ये असिस्टंट ब्रूअर आहे, दीड वर्ष झालं. पाचशे लिटरच्या चार टाक्या आहेत. गव्हाची बीअर, आयपीए वगैरे सगळं मस्त चाललंय, त्यांना कोणी विचारत नाही की बाई तू आरपार का दिसत नाहीस. गोची झालीये पिल्सनरची, म्हणजे ती सोनेरी नितळ बीअर असते ना तिची. टाकीतून सॅम्पल काढतो तेव्हा ठीक वाटते आणि बारवर ग्लासात गेली की धुकं. माथेरानचं जुलैमधलं धुकं असतं ना, तसंच. चव चांगली आहे, वास चांगला आहे, पण शेठ म्हणतात बाटलीतल्या बीअरमधून समोरच्याचं तोंड दिसतं आणि आपल्या ग्लासातून समोर बाई बसलीये का बुवा तेही कळत नाही.

आधीचे ब्रूअर होते ते जिलेटिन टाकायचे, त्यांच्या काळात एवढी तक्रार नव्हती. मग एका गिऱ्हाइकाने विचारलं की बीअर व्हेज आहे का, त्याचं सोमवार-गुरुवार-शनिवार वशाट बंद असतं (बीअर चालते, ते विचारू नका), आणि वेटर थेट आत येऊन मला विचारून गेला. खोटं कशाला बोला, सांगितलं की जिलेटिन हाडं-कातड्यापासून होतं. झालं. शेठनी त्याच आठवड्यात जिलेटिन बंद केलं आणि मेनूवर बीअरच्या पुढे हिरवा ठिपका छापून घेतला, आता तो ठिपका माझ्या डोक्यावर बसलाय.

तर वाचता वाचता कळलं की वाइनमध्ये बेंटोनाइट नावाची माती टाकतात, ती गाळ धरून खाली बसते. माती म्हणजे व्हेजच की. आजी पावसाळ्यात हंड्यात तुरटी फिरवायची तसलाच प्रकार वाटला मला. आणि योगायोग बघा, आमच्या शेजारी रिडेव्हलपमेंटचं पाइलिंग चालू आहे, तिथे बेंटोनाइटच्या गोण्यांची थप्पी लागलीये, सुपरवायझर ओळखीचा झालाय, म्हणाला दोन-चार किलो कधीही घेऊन जा. तर पाचशे लिटरला किती टाकायची, कधी टाकायची, आणि यीस्टपण धरते का ही माती? गटारीला तीन आठवडे आहेत, त्या दिवशी आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते, त्याच्या आत पिल्सनर चकचकीत हवी असं फर्मान आहे.

पाइलवाला

थांब थांब थांब. गोणीला हात लावू नकोस. मी बीअर फक्त पितो, करत नाही, पण बेंटोनाइटमध्ये माझी अठरा वर्षं गेली आहेत, मुंबईत जिथे जिथे खोल खड्डा दिसतो त्यातल्या बऱ्याच खड्ड्यांत ही स्लरी भरून ठेवलेली असते, बोअरच्या भिंती ढासळू नयेत म्हणून. आपल्याकडे येणारा बराचसा माल कच्छचा. साइटवरचा जो माल असतो त्यात सोडा ॲश मिसळलेला असतो फुगवण वाढावी म्हणून, कधी कधी पॉलिमर असतात, आणि वाळूची कचकच असते ती वेगळीच. आम्ही त्याची घनता बघतो, फनेलमधून किती सेकंदात वाहते ते बघतो, वाळू किती आहे ते बघतो. पोटात गेली तर काय होईल हे कोणी बघत नाही कारण कोणी पीत नाही. त्यात शिसं किती, लोह किती, याचा कागद तुला तो सुपरवायझर जन्मात देणार नाही.

खायच्या ग्रेडचा बेंटोनाइट वेगळा मिळतो, वाइनवाल्यांना विचार. आणि हो, तुरटी नाही ही. तुरटी विरघळते, ही विरघळत नाही, फुगते. चांगला सोडियमवाला माल स्वतःच्या कित्येक पट फुगतो. ढवळलं की पाण्यासारखी वाहते आणि सोडलं की दह्यासारखी धरते. हे लक्षात ठेव, पुढे उपयोगी पडेल.

अर्धा_पाइंट

ब्रूअर साहेब, आधी ग्लास बाहेरून पुसून बघितला का? जून-जुलैत आमच्या चष्म्यावरपण धुकं असतं.

गढूळ_पिल्सनर, अंधेरी

@अर्धा_पाइंट हसू नका, मी खरंच पुसून बघितलंय. पहिल्या दिवशी मलापण तेच वाटलं होतं.

@पाइलवाला दादा धन्यवाद, गोणीचा नाद सोडला.

द्राक्षांच्या_गावचा

नाशिकहून लिहितोय, वायनरीच्या सेलरमध्ये काम करतो. बेंटोनाइट आमचं रोजचं आहे म्हणून सांगतो. पांढऱ्या वाइनमध्ये, म्हणजे सोव्हिन्यॉ ब्लांक, शेनिन वगैरे, द्राक्षातलं प्रोटीन उरतं, बाटली ट्रकमध्ये तापली की ते प्रोटीन उलगडतं आणि वाइन ढगाळ होते. बेंटोनाइटच्या पापुद्र्यांवर ऋण भार असतो, वाइनच्या पीएचला प्रोटीनवर धन भार असतो, दोघं एकमेकांना चिकटतात आणि जड होऊन तळाला जातात. यीस्टवर स्वतःच ऋण भार असतो त्यामुळे माती त्याला ओढून घेत नाही, खाली बसता बसता थोडं यीस्ट अंगावर घेऊन जाते तेवढंच. त्यामुळे तुझा गढूळपणा यीस्टचा असेल तर माती टाकून काही होणार नाही.

करायची पद्धत म्हणशील तर गरम पाणी घ्यायचं, साठ डिग्रीच्या आसपास, ते जोरात ढवळत ठेवायचं आणि त्यात पावडर चिमूट चिमूट भुरभुरवायची. पाण्यात पावडर. पावडरवर पाणी ओतलंस तर मेलास, पिठल्यात बेसनाच्या गुठळ्या होतात तशा होतात, बाहेरून चिकट आणि आतून कोरड्या, मग मिक्सर लाव नाहीतर काही लाव, सुटत नाहीत. साधारण पाच टक्के, म्हणजे लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम. झाकून एक दिवस ठेवायची, फुगू द्यायची, दुसऱ्या दिवशी परत ढवळून वाइनमध्ये. आम्ही लिटरला पाव ग्रॅमपासून एक ग्रॅमपर्यंत जातो पण कधीच अंदाजाने नाही, आधी छोट्या बरण्यांत ट्रायल लावतो आणि ज्या सगळ्यात कमी डोसला काम होतं तोच घेतो. जास्त टाकली की वाइन पोकळ लागते, वास जातो, आणि खाली जो साका बसतो तो इतका फुसफुशीत असतो की त्यात पाच-सात टक्के माल अडकतो. पाचशे लिटरचे पाच टक्के म्हणजे पंचवीस लिटर, तुझ्या शेठला विचार परवडतील का.

बीअरचं मला माहीत नाही. वाइनला फेस नसतो, तुम्हाला असतो, तिथे काहीतरी गडबड होईल असं वाटतंय. जाणकार सांगतील.

माल्टवाली_ताई, ठाणे

नाशिककरांनी शेवटच्या ओळीत बरोब्बर बोट ठेवलंय. गेली अकरा वर्षं ब्रूइंगमध्ये आहे, बेंटोनाइट एकदा वापरलाय, परत वापरला नाही, का ते सांगते.

बीअरमध्ये जो गारठ्याचा धूसरपणा येतो तो दोघांच्या लग्नातून येतो. एकीकडे जवातलं प्रोटीन, त्यातही प्रोलिन नावाचं अमिनो आम्ल ज्यात भरपूर आहे असं. दुसरीकडे पॉलिफेनॉल, ते माल्टच्या टरफलातून आणि हॉपमधून (बीअरला कडवटपणा देणारी फुलं) येतं. बीअर थंड झाली की हे दोघं हात धरतात, मोठे कण होतात, उजेड विखुरतो आणि आपल्याला धुकं दिसतं. बीअर परत कोमट झाली की हात सुटतात आणि धुकं जातं. हे पुन्हा पुन्हा झालं की मात्र हात कायमचे धरले जातात आणि मग गरम करूनही जात नाही.

आता फेस कशाचा? तोही प्रोटीनचाच. आणि फेसवाल्या प्रोटीनवर बीअरच्या पीएचला, म्हणजे चार-साडेचारच्या आसपास, धन भार असतो. मातीला काय कळतंय हे चांगलं प्रोटीन आणि हे वाईट, ती बसमध्ये चढणाऱ्या कंडक्टरसारखी सगळ्यांनाच धरते. माझी बीअर निवळली होती हो, काचेसारखी झाली होती, पण ओतली की दोन बोटं फेस यायचा आणि मोबाइलवर फोटो काढेपर्यंत संपायचा. वर साबणाच्या पाण्यासारखं एक कडं उरायचं. पिल्सनरचा फेस गेला तर मग राहिलं काय? शिवाय मातीतून थोडं लोह उतरू शकतं आणि लोह आलं की बीअर लवकर शिळी होते, पुठ्ठ्यासारखा वास यायला लागतो. तीन दिवसांत संपणारी बीअर असेल तर फरक पडत नाही म्हणा.

म्हणून बीअरवाले याच कामाला सिलिका जेल वापरतात. तेही खनिजच, व्हेजच, हिरव्या ठिपक्याला धक्का नाही. गंमत अशी की पॉलिफेनॉल प्रोटीनला ज्या प्रोलिनच्या जागी पकडतं साधारण त्याच जागी सिलिका पकडते, त्यामुळे धुक्याचं प्रोटीन जातं आणि फेसाचं बऱ्यापैकी राहतं. हेक्टोलिटरला, म्हणजे शंभर लिटरला, पन्नास ग्रॅमच्या आसपास पुरते. दुसरी बाजू धरायची असेल तर पीव्हीपीपी आहे, ते पॉलिफेनॉल उचलतं. आणि तिसरं म्हणजे प्रोलिनपाशी प्रोटीन कापणारं एन्झाइम मिळतं, ते यीस्टबरोबर पहिल्याच दिवशी थंड वॉर्टमध्ये (आंबण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) टाकायचं, मग धुकं जन्मालाच येत नाही. पण तुझी बीअर टाकीत तयार आहे ना, तेव्हा ते पुढच्या बॅचला.

पण हे सगळं नंतर. तू अजून एक गोष्ट सांगितलीच नाहीस, तुझा गढूळपणा आहे कशाचा? औषध विचारतोयस आणि ताप मोजलाच नाहीस. उद्या एवढं कर. बारवरून एक ग्लास भर आणि तसाच टेबलावर ठेव, वीस-पंचवीस डिग्रीला येऊ दे. निवळला तर गारठ्याचं धुकं. नाही निवळला तर यीस्ट असेल किंवा स्टार्च असेल. स्टार्चसाठी केमिस्टकडून टिंक्चर आयोडीन आण, बशीत चमचाभर बीअर घेऊन थेंब टाक, निळं-काळं झालं तर मॅशमध्ये (माल्ट गरम पाण्यात भिजवतो तिथे) घोळ आहे, आणि मग कुठलीही माती, कुठलीही जेल कामाची नाही. आंबूस वास, तार सुटणं असलं काही असेल तर बॅक्टेरिया, मग टाकी ओतून दे आणि पाइप धू.

आणि हे पण सांग: उकळताना शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत आयरिश मॉसची गोळी टाकता का? पाण्यात कॅल्शियम टाकता का? आपलं भातसा-तानसाचं पाणी मऊ असतं, चहाला मस्त, पण यीस्टला गोळा होऊन खाली बसायला कॅल्शियम लागतं. आणि कोल्ड क्रॅश, म्हणजे आंबणं संपल्यावर टाकी गार करून ठेवणं, किती डिग्रीला, किती दिवस? खरा आकडा सांग, पॅनेलवरचा नको.

वेसावकर_कोळी

व्हेज-नॉनव्हेज चाललंय म्हणून आमच्या बाजूचंपण ऐका. इंग्लंडमध्ये बीअर निवळायला ज्या वापरायचे ना त्या माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशव्या, आयसिंग्लास म्हणतात त्याला. पूर्वी रशियातल्या स्टर्जन माशाच्या यायच्या, महाग पडायच्या, मग १७९५ ला विल्यम मर्डॉकने कॉड माशाच्या पिशवीपासून स्वस्त पर्याय काढला. वाफेच्या इंजिनवाला तोच मर्डॉक. आपल्या घोळीची जी पिशवी असते, आम्ही भोत म्हणतो, ती पण त्यातलीच वस्तू. २०२१ मध्ये पालघरजवळ मुरब्याच्या बोटीला दीडशेवर घोळी लागल्या आणि माल कोटीच्या वर गेला, तो मासळीच्या चवीसाठी नाही गेला, भोतासाठी गेला. घोळीची ती कोणी बीअरमध्ये टाकत नाही, एवढी महाग आहे की बीअरच त्यात बुडवावी लागेल. गिनेसनेपण २०१५ ला सांगितलं की आम्ही माशाची पिशवी बंद करतोय.

माल्टवाली_ताई, ठाणे

@वेसावकर_कोळी वा, भोताचं माहीत नव्हतं. आयसिंग्लास माझी आवडती गोष्ट आहे खरं तर, त्यावर धन भार असतो त्यामुळे यीस्टला काय मस्त ओढून नेते. पण ती कोलॅजन, गरमीत फुकट जाते, वीस डिग्रीच्या वर ठेवली की हळूहळू मरते. मुंबईत मे महिन्यात टेम्पोतून येणारं पार्सल, काय उरणार त्यात.

धूसर_बरी

मी म्हणतो एवढा त्रास कशाला? पाटीवर "हेझी पिल्सनर" लिहा आणि पन्नास रुपये जास्त लावा. हेझी आयपीएवाल्यांनी हेच केलं, आज लोक गढूळ नसेल तर परत पाठवतात.

माल्टवाली_ताई, ठाणे

@धूसर_बरी आयपीएचं धुकं मुद्दाम आणलेलं असतं, ओट्स आणि गहू घालून आणि ढीगभर हॉप टाकून, ते टिकावं म्हणून कष्ट घेतलेले असतात. पिल्सनर १८४२ ला पिल्झेनमध्ये झाली तेव्हा लोक वेडे झाले ते तिच्या सोनेरी रंगावर आणि नितळपणावर. नाव पिल्सनर आणि रंग उसाच्या रसाचा, हे नाही चालायचं. तुला हवी तर ये ठाण्याला, गढूळ पाजते.

धूसर_बरी

येतो. तारीख सांगा.

गढूळ_पिल्सनर, अंधेरी

ताई, एक आठवडा गेला उत्तर द्यायला, सॉरी, मध्ये दोन ब्रू होते आणि लाइट गेल्यामुळे एक रात्र टाक्यांपाशीच काढली.

तर ऐका. आयोडीन: काही नाही, पिवळं ते पिवळंच. वास: चांगला. गोळी टाकतो, शेवटच्या पंधरा मिनिटांना. कॅल्शियम क्लोराइड टाकतो मॅशमध्ये. ग्लास ठेवला टेबलावर, तासाभराने बघितला तर ऐंशी टक्के निवळला होता, थोडंसं धुकं उरलं होतं आणि ते सकाळपर्यंत ग्लासाच्या तळाला पांढऱ्या ठिपक्यासारखं बसलेलं दिसलं. म्हणजे बहुतेक गारठ्याचं आणि थोडं यीस्ट, बरोबर ना?

आणि आता मला शिव्या द्या. कोल्ड क्रॅश एक डिग्रीला करतो असं मी छातीठोक सांगणार होतो कारण पॅनेलवर एकच लिहिलेलं असतं. तुम्ही खरा आकडा म्हणालात म्हणून सॅम्पल कॉकमधून ग्लास काढून त्यात थर्मामीटर घातला तर सहा. परत काढला, परत सहा. मग कळलं की पॅनेलवर दिसतो तो सेट केलेला आकडा, खराखुरा बघायला दुसरं बटण दाबावं लागतं आणि ते बटण गेल्या ब्रूअरच्या काळापासून चिकटलेलं आहे. आमचा ग्लायकॉलचा (टाक्यांभोवती थंड द्रव फिरवणारा) चिलर एकच, त्यावर चार टाक्या. बाजूच्या दोन टाक्यांत गव्हाची आणि आयपीए जोरात आंबतायत, त्यांची सगळी गरमी तो चिलर ओढतोय, वर गच्चीवर बाहेर पस्तीस डिग्री, तो बिचारा पिल्सनरला कुठून थंड करणार.

तरी मातीची खाज होतीच. नाशिकच्या दादांनी सांगितलं त्या ग्रेडची अर्धा किलो मागवली होती, म्हटलं बरण्या लावून तर बघू. लिटरच्या चार बरण्या, एकात काही नाही, मग पाव ग्रॅम, अर्धा ग्रॅम, एक ग्रॅम. दोन दिवस फ्रीजमध्ये. अर्ध्या ग्रॅमलाच निवळशंख झाली, पलीकडचं कॅलेंडर वाचता येत होतं. मग चारही बरण्यांतून सारख्या उंचीवरून ओतून फेस मोजला घड्याळ लावून. बिनमातीच्या ग्लासात तीन मिनिटांनीपण वर साय होती. अर्ध्या ग्रॅमवाल्यात मिनिटभरात खेळ खल्लास. एक ग्रॅमवाली तर ताई, ॲपल ज्यूस. शेठना दोन्ही दाखवली, बाटलीसारखी आरपार आणि बिनफेसाची, आणि आमची गढूळ पण फेसवाली. पाच मिनिटं बघत बसले आणि म्हणाले दोन्ही नको.

माल्टवाली_ताई, ठाणे

शिव्या कशाला देऊ, बरण्या लावल्यास आणि घड्याळ लावून फेस मोजलास, अर्धे लोक एवढंपण करत नाहीत. आणि सापडलं की तुझं दुखणं.

बारचा कूलर किती डिग्रीला आहे तुमचा? दोन-तीन असणार. आता बघ, टाकीत बीअर सहा डिग्रीपर्यंत गेली. सहा डिग्रीला जेवढं धुकं तयार व्हायचं तेवढं झालं आणि तळाला बसलं, म्हणून टाकीतून काढलेलं सॅम्पल तुला ठीक दिसतं. मग तीच बीअर बारवर दोन डिग्रीला गेली, तिथे उरलेल्या प्रोटीन-पॉलिफेनॉलने नव्याने हात धरले, आणि तिथे बसायला ना वेळ ना जागा, थेट ग्लासात. ज्या थंडीत पाजायची त्याच्यापेक्षा जास्त थंडीत टाकीत ठेवावी लागते, नाहीतर साका गिऱ्हाइकाच्या ग्लासात बसणार. जिलेटिन होतं तोपर्यंत तुमच्या आधीच्या ब्रूअरचं हे झाकलं जात होतं, किंवा त्यांच्या वेळी चार टाक्या एकदम भरलेल्या नसतील.

गटारीला दोन आठवडे आहेत ना? गव्हाच्या टाकीचं आंबणं दोन दिवसांत संपेल, तिचं कूलिंग कमी कर, गव्हाची बीअर क्रॅश करायची गरजच नाही. आयपीए झाल्यावर नवीन ब्रू लगेच चढवू नकोस, चार-पाच दिवस टाकी रिकामी राहिली तर आभाळ कोसळत नाही, शेठना मी सांगते हवं तर. सगळा चिलर पिल्सनरला दे, शून्य ते एक डिग्रीला पोचू दे, आणि तिथून सात दिवस मोज. पोचल्यापासून, बटण दाबल्यापासून नाही. उणे दोनच्या खाली नेऊ नकोस, गोठायला लागेल. खाली आली की सिलिका जेल, हेक्टोलिटरला पन्नास म्हणजे तुला अडीचशे ग्रॅम, थोड्या पाण्यात कालवून वरून. पावडर हाताळताना मास्क लाव, उडते. टाकीच्या निमुळत्या तळातून रोज थोडा गाळ सोड, यीस्ट जाईल.

द्राक्षांच्या_गावचा

एक ग्रॅमची बरणी फेकली नसशील तर तळाचा साका किती उंच आला ते बघ बरं, उत्सुकता आहे. बीअरच्या पीएचला माती कशी बसते ते कधी बघितलं नाही.

गढूळ_पिल्सनर, अंधेरी

@द्राक्षांच्या_गावचा दादा लिटरच्या बरणीत अंगठ्याएवढा थर होता आणि हलवलं की सगळा वर. पंचवीस लिटर काय, आमच्याकडे जास्तच गेले असते.

ताई, शेठना मीच सांगितलं. टाकी रिकामी म्हटल्यावर असे बघायला लागले जणू मी भाड्याने दिलेली खोली रिकामी ठेवतोय. पण हो म्हणाले.

गढूळ_पिल्सनर, अंधेरी

गटारी झाली, काल झोपलो, आज लिहितोय.

एक डिग्रीला पोचायला अडीच दिवस लागले, त्यानंतर मोजून सात दिवस. सिलिका तिसऱ्या दिवशी टाकली, आधी मिळालीच नाही, सप्लायरने फिरवलं. ग्लायकॉलच्या पाइपवरचं फोम तीन ठिकाणी फाटलं होतं तेपण बांधलं, त्यानेच एखादी डिग्री मिळाली असावी. बाटलीएवढी नाही झाली, खोटं नाही बोलणार, टॉर्च मागून मारला तर हलकीशी दुधाळ रेघ दिसते. पण बारच्या दिव्याखाली सोनं, आणि फेस शेवटच्या घोटापर्यंत ग्लासाला जाळी धरून. तो सोमवार-गुरुवार-शनिवारवाला आला होता, वार बुधवार होता, त्याने चार घेतल्या आणि हिरवा ठिपका बघितलापण नाही.

पुढच्या बॅचला एन्झाइम मागवतोय. सप्लायर म्हणतो फ्रीजमध्येच ठेवावं लागेल.

आता एक लाजिरवाणं. @पाइलवाला दादा, बरण्यांच्या वेळी पहिल्यांदा जी स्लरी केली ती उलटी केली होती, पावडरवर पाणी. वाचूनसुद्धा. पातेलंभर गुठळ्या झाल्या, कंटाळून मी ते सगळं मोरीत ओतलं आणि वरून बादलीभर पाणी मारलं. रात्रभर ते आत फुगलं. दुसऱ्या दिवशी मोरीतून पाणी जाईना, आणि टाकी धुवायचा दिवस. प्लंबर आला, तार घातली, तार बाहेर काढली तर टोकाला राखाडी श्रीखंड. त्याने मला विचारलं इथे पाइलिंग चाललंय का.

पाइलवाला

म्हटलं होतं ना पुढे उपयोगी पडेल. सोडलं की धरते. आता पाइपात जे उरलं असेल त्यावर गरम पाणी मारू नकोस, अजून फुगेल, प्रेशर जेट लाव आणि लावतच राहा, हललं की पातळ होतं, थांबलास की परत दही. आणि बाहेरच्या चेंबरपर्यंत गेलं का ते झाकण उघडून बघ, नाहीतर सोसायटीवाले येतील.

गढूळ_पिल्सनर, अंधेरी

आले होते. चौघांना एकेक पिल्सनर दिली.

अर्धा_पाइंट

झाकण कुठल्या सोसायटीचं आहे ते सांगा, आम्हीपण तक्रार घेऊन येतो.